प्रार्थना सुचत नाही तेव्हा: शोकात स्तोत्र १३ कसं वापरावं

जवळचं माणूस गेलं की गुडघे टेकले तरी तोंडातून शब्द फुटत नाही. आपला विश्वास कमी पडला, असं अशा वेळी वाटतं. तसं नाही. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत, म्हणजे देवापुढे रडायचं कसं हे पवित्र शास्त्रच शिकवतं. सुरुवातीला १३ वं स्तोत्र घ्या. ते अवघ्या सहा वचनांचं आहे, थकलेल्या मनालाही पेलतं.

त्याआधी पोटात काही गेलंय का, झोप झालीय का, ते पाहा. मरण मागत झुडपाखाली पडलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. उपदेश केला नाही.

आता वही घ्या आणि पंधरा मिनिटं बाजूला काढा. स्तोत्र मोठ्याने, सावकाश दोनदा वाचा. मनात वाचलं की डोळे पुढे पळतात; आवाज काढला की नेमकं कुठे कंठ दाटतो ते कळतं. त्या शब्दाखाली रेघ मारा.

पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. तुम्हीही ‘कोठवर’ने सुरू होणारी चार वाक्यं लिहा. ‘प्रभू, मला खूप दुःख आहे’ असं मोघम नको. ‘कोठवर मी दोन कप चहा टाकत राहू?’ असं लिहा. देवावर राग असेल तर तोही लिहा. या स्तोत्रात त्याचा कर्ता दावीद राजा देवाला थेट विचारतो की तू मला कायमचा विसरणार का. इथे बहुतेकजण घाबरतात आणि लगेच उपकारस्तुतीकडे वळतात. मग तक्रार आतच राहते आणि स्तुती नुसती ओठांवर येते.

तिसऱ्या-चौथ्या वचनांत मागणं आहे. आजच्यापुरती एकच गोष्ट मागा: रात्रीची झोप, किंवा गेलेल्या माणसाच्या कपाटाला हात लावण्याचं बळ.

पाचव्या वचनात स्तोत्र भरवशाकडे वळतं. दावीदाची परिस्थिती बदलल्याचा तिथे उल्लेख नाही, शत्रू अजून आहेच. बदलतं ते त्याचं बोलणं. तुम्हाला तसं वळता आलं तर ‘तरी मी’ असं लिहून वाक्य पूर्ण करा. ख्रिस्ती माणसाच्या या ‘तरी’मागे येशूची रिकामी कबर, म्हणजे त्याचं पुनरुत्थान आहे, म्हणून ती नुसती मनाची समजूत नव्हे. पण आज जमत नसेल तर ओढून आणू नका. ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, आणि तेही शास्त्रातच आहे. जागा कोरी ठेवा, तारीख टाका, आठवड्याने त्याच पानावर परत या.

भेटायला येणारे प्रेषित पौलाच्या पत्रातलं १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ ऐकवून ‘रडू नका’ म्हणतात, तेव्हा ते वचन नीट वाचा. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असं पौल म्हणतो. शोकच करू नका, असं नाही. मेलेल्या लाजराला, आपल्या मित्राला, उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला. मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. बोलायला लागले आणि बिघडलं. पाळकांना किंवा मंडळीतल्या एखाद्या बहिणीला सरळ सांगा: ‘समजावू नका, फक्त माझ्याबरोबर हे स्तोत्र वाचा.’

आठवडेच्या आठवडे अन्नपाणी, झोप सुटली असेल तर डॉक्टरांकडे जा. जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, एकटे राहू नका. औषध घेतल्याने विश्वास उणा होत नाही.

स्मृतिदिनासारखे, वाढदिवसासारखे दिवस आधीच वहीत टिपून ठेवा. त्या दिवशी नवं काही लिहायचं नाही. जुनी पानं क्रमाने मोठ्याने वाचायची, आणि कोऱ्या ठेवलेल्या जागेत काही लिहावंसं वाटलं तर लिहायचं.