चौकाकडच्या भिंतींची ओल अशी गेली

भोरजवळ वाड्याच्या धर्तीवर नवं घर बांधलं. मधे १२ बाय १२ फुटांचा चौक, चारी बाजूंची कौलं चौकात उतरती. दर पावसाळ्यात चौकाकडच्या भिंती खालून दीड फूट ओल्या, गिलाव्याला फुगे. वर मात्र ठणठणीत कोरड्या. कौलं चाळली, वॉटरप्रूफ रंग दोनदा दिला. पैसे अक्षरशः पाण्यात.

शेवटी भर पावसात भिंतीला वर्तमानपत्र टेकवून ठेवलं. पाच मिनिटांत खालचा भाग ठिपक्याठिपक्यांनी भिजला. गळती नव्हतीच! छपराचा पुढावा जेमतेम फूटभर, त्यामुळे पागोळ्या शहाबादी फरशीवर आपटून भिंतीवर उडत होत्या.

आधी पाऊस चालू असतानाच पागोळ्यांची रेष खिळ्याने फरशीवर ओरखडून घेतली. उन्हाळ्यात त्या रेषेवरची फरशी काढून एक फूट रुंद, नऊ इंच खोल चर खणला. उतार मोरीकडे, दहा फुटांना एक इंच. तळाला भोकांचा चार इंची पाइप (भोकं खाली), वर नदीतले गोटे. मग भिंतींचा सिमेंट गिलावा तीन फुटांपर्यंत खरवडला, महिनाभर भिंती उघड्याच वाळू दिल्या. गवंडी घाई करत होता, ऐकलं नाही. त्यानंतर चुन्याचा गिलावा.

यंदा जुलैत पुन्हा वर्तमानपत्र लावून पाहिलं. कोरडं.