रस्त्यावर मोजणीचे सेन्सर लावायचे आहेत? पुण्यातल्या परवानगीची तयारी

पहिलं काम अर्ज लिहिणं नाही, खांब बघून येणं आहे. ज्या चौकात वाहनं मोजायची आहेत तिथे सकाळी लवकर जा. ज्या खांबावर सेन्सर लावायचा विचार आहे त्यावर रंगवलेला क्रमांक वहीत लिहून घ्या, खांब तळाशी गंजला आहे का ते वाकून बघा, चारही बाजूंनी फोटो काढा, अक्षांश-रेखांश आणि समोरच्या दुकानाची खूण टिपून ठेवा. ‘अमुक चौकाजवळ’ एवढंच लिहिलेला अर्ज घेऊन कनिष्ठ अभियंता स्थळपाहणीला गेला, तर त्याने नेमका कोणता खांब बघायचा? खांब क्रमांक दिलात तर पाहणी एका फेरीत उरकते.

त्यानंतर रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते शोधा. यात वेळ जातो, जाऊ द्या. गाडीवरून जाताना सगळं पुणं एकच वाटतं, पण कॅम्पात शिरलं की कॅन्टोन्मेंट बोर्डाची हद्द लागते, चांदणी चौकात राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाशी बोलावं लागतं, दापोडीला पोचलात की महापालिकाच बदलते. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. आमच्या पहिल्या अर्जात बारा ठिकाणं होती आणि त्यातली तीन ज्यांच्याकडे अर्ज केला त्यांची नव्हतीच. चूक आमची होती. फाईल एकच असल्यामुळे त्या तीन ठिकाणांपायी उरलेली नऊही अडकून राहिली. तेव्हापासून आम्ही ताब्यानुसार वेगवेगळे अर्ज करतो आणि प्रत्येकाला स्वतंत्र आवक क्रमांक घेतो.

रस्ता आणि खांब यांचा मालक एकच असेल असंही धरून चालू नका. रस्ता महापालिकेच्या पथ विभागाचा, दिव्याचा खांब तिच्याच विद्युत विभागाचा, शेजारचा वीजवाहिनीचा खांब महावितरणचा आणि मधला पिलर मेट्रोचा, असं एकाच चौकात असतं. झाडाला काही बांधायचा विचार मनातही आणू नका. सेन्सरच्या आड फांदी येत असेल तर ती स्वतः छाटायची नाही. १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमानुसार त्यासाठीही परवानगी लागते आणि ती उद्यान विभागाकडून मिळते. बहुतेक वेळा पुढचा खांब निवडणं सोपं पडतं.

आता सेन्सर कोणता, हा प्रश्न. परवानगी सोपी की अवघड, हे बरंचसं इथेच ठरतं. डांबरात करवतीने खाच पाडून, वरून जाणारी गाडी ओळखणारं तारेचं वेटोळं पुरायचं असेल तर ती रस्तेखोदाई झाली. मग खोदाई शुल्क आणि अनामत आली, रस्ता पूर्ववत करण्याचं हमीपत्र आलं, खालून जलवाहिनी किंवा केबल जाते का याची विचारणा आली. रस्ता नुकताच झालेला असेल आणि ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी, म्हणजे रस्त्यातले दोष त्यानेच दुरुस्त करायची मुदत, संपला नसेल तर नकाराचीच तयारी ठेवा. तो नकार रास्तही आहे, कारण उद्या त्याच खाचेतून पाणी मुरून खड्डा पडला तर जबाबदारी कोणाची यावर वाद होणार. पावसाळ्यात तर खोदाई बंदच असते.

खोदाई नको म्हणण्याचं त्याहून मोठं कारण आपल्या रहदारीत आहे. वेटोळं मांडलं जातं ते एका लेनमधून एक गाडी जाईल असं गृहीत धरून. आपल्याकडे दुचाक्या दोन मोटारींच्या मधून, कडेने, जागा मिळेल तिथून जातात. त्यातल्या कित्येक मोजल्या जात नाहीत किंवा दोन मिळून एक धरल्या जातात. सायकलची नोंद भरवशाची नसते आणि पायी चालणाऱ्याची होतच नाही. माझा जीव अडकतो तो इथे. ज्या मोजणीत रस्ता ओलांडणारी माणसं नाहीत तिच्या आधारे सिग्नलचे सेकंद ठरले, तर शाळकरी मुलाला आणि काठी टेकत जाणाऱ्या आजींना पुरेसा वेळ कोण देणार? म्हणून काही आठवड्यांच्या अभ्यासासाठी मी खांबावरचा कॅमेराच सुचवेन, आणि अर्जातच लिहीन की पादचारी आणि सायकलीही मोजणार आहोत.

दिव्याच्या खांबावर वीज आयती मिळेल असं वाटतं, पण ती रात्रीच असते. दिवे फीडर पिलरवरून, म्हणजे वीज वाटणाऱ्या रस्त्याकडेच्या पेटीवरून, संध्याकाळी सुरू होतात, सकाळी बंद होतात. त्यामुळे रात्री भरून दिवसभर चालेल अशी बॅटरी तरी हवी, नाहीतर सौर पॅनेल. पॅनेल लावलं की वजन वाढतं आणि वारा अडतो, म्हणून सेन्सर, पेटी आणि पट्ट्यांसकट एकूण वजन, विजेचा वापर वॅटमध्ये, रस्त्यापासूनची उंची आणि पट्टा कसा आवळणार याचं साधं रेखाचित्र जोडा. खांबाला भोक पाडणार नाही, हे वाक्य ठळक लिहा. उपकरण बिनतारी संदेश पाठवणार असेल तर त्याचं केंद्राच्या बिनतारी विभागाचं मान्यता प्रमाणपत्र विक्रेत्याकडून आधीच मागून घ्या.

कॅमेऱ्याबद्दल लोक विचारणारच आणि त्यांनी विचारायलाच हवं. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. चेहरे आणि नंबरप्लेट साठवणार नाही, चित्रण किती दिवसांनी पुसणार, ते कोण बघणार, हे अर्जात स्पष्ट लिहा. चलन करणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी मोटार वाहन नियमांत २०२१ पासून वेगळा नियम आहे, १६७अ. आपलं काम त्यातलं नाही, हेही लिहा. खांबावर मराठीत छोटी पाटी लावा: मोजणी सुरू आहे, चलन होत नाही, संस्थेचं नाव आणि फोन.

वाहतूक पोलिसांच्या ना हरकत पत्रासाठी उपायुक्त (वाहतूक) यांच्या नावे वेगळा अर्ज करा. त्यांना सेन्सरपेक्षा तो बसवतानाची शिडीची गाडी किती वेळ उभी राहणार याची काळजी असते. तारीख, वेळ, किती लेन अडणार, शंकू आणि चमकणारी जॅकेटं किती, हे एका कागदावर द्या. रस्त्यावरच्या कामाच्या सुरक्षेसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ५५ ही मार्गदर्शिका आहे. आराखडा तिच्याप्रमाणे करा. रविवारी पहाटेची वेळ मागितलीत तर होकाराची शक्यता वाढते.

तारखा ठरवताना कॅलेंडर जवळ ठेवा. पालख्या शहरात असताना आणि गणपतीच्या दिवसांत पोलिसांना सवड नसते, मोजणीही नेहमीच्या रहदारीची होत नाही. मंडप पडले की खांबच झाकले जातात. मार्चअखेर आणि आचारसंहितेचा काळ टाळा. शाळा सुरू असलेले आठवडे धरा.

सगळी पत्रं मराठीत लिहा, प्रत्येकाची पोचप्रत घ्या, आणि फाईल कोणत्या टेबलावर आहे ते आठवड्यातून एकदा स्वतः जाऊन विचारा. सेन्सर काढण्याची तारीख पहिल्याच पत्रात द्या आणि पाळा. काढल्यावर खांबाचा फोटो जोडून पूर्ततेचं पत्र द्या, अनामत परत मागा, आणि स्थळपाहणीला आलेल्या अभियंत्याला तासावार आकड्यांचा एक पानी तक्ता नेऊन द्या. त्यात पहिला रकाना पादचाऱ्यांचा ठेवा.