अवघड प्रश्नावर निबंध लिहिताना या चुका टाळा

‘भाषावार प्रांतरचनेमुळे देशाची एकता कितपत बळकट झाली? चर्चा करा.’ असा प्रश्न आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांचं पेन सुसाट सुटतं. १ नोव्हेंबर १९५६ ची राज्य पुनर्रचना, सीमावादावरच्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेला महाराष्ट्राचा दावा, सगळं तोंडपाठ. दोन पानं भरतात आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. विचारलं होतं देशाच्या एकतेबद्दल. घरात रोज ऐकलेल्या विषयावर हा घोटाळा हमखास होतो.

आधी ‘कितपत’खाली रेघ मारा. मग एका वाक्यात उत्तर लिहून बघा: ‘भाषेनुसार राज्ये झाल्याने फुटीची भीती कमी झाली, पण सीमेवरच्या अल्पभाषकांचा प्रश्न मागे राहिला.’ असं वाक्य जमेपर्यंत निबंधाला हात लावू नका. ‘पण’च्या पुढे आपला सीमाभाग आलाच की! त्याला एक परिच्छेद पुरे.

दुसरी चूक सनावळीची. डिसेंबर १९५२ मध्ये वेगळ्या आंध्रासाठीच्या उपोषणात पोट्टी श्रीरामुलूंचा मृत्यू, १९५३ मध्ये आंध्र, त्याच वर्षी राज्य पुनर्रचनेसाठी फाजल अली आयोग, १९६० मध्ये महाराष्ट्र. क्रम बिनचूक, पण निबंध काहीच ठरवत नाही. अशा वेळी प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वाचा. ‘१९५३ मध्ये आंध्र राज्य झाले’ असं असेल तर ते खोडून ‘मागणी लांबवली की ती जास्त पेटते, हे आंध्रात दिसले’ असं करा. सन खालच्या ओळीत जाऊ दे.

विरुद्ध बाजू शेवटच्या दोन ओळींत उरकणं ही तर जुनीच खोड. केवळ भाषेवर राज्ये करणं देशहिताचं नाही, असं १९४८ मध्ये याच प्रश्नासाठी नेमलेल्या धर आयोगानेच म्हटलं होतं. एवढा वजनदार आक्षेप मध्यावर घ्या आणि पुढच्या परिच्छेदात त्याला उत्तर द्या.

अर्ध्यात अडकलात तर सुरुवातीला केलेला आराखडा परत बघा. तिथे बहुतेक ‘आंध्र’, ‘भाषा’, ‘सीमा’ असे सुटे शब्द सापडतील. मुद्दे पूर्ण वाक्यात लिहिले असतील तर पुढे काय म्हणायचं ते आठवत बसावं लागत नाही. तासाभराच्या निबंधाला दहा मिनिटं आराखड्यासाठी ठेवा. पेपर कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत लिहायचा असला तरी विचार मराठीत येत असतील तर आराखडा खुशाल मराठीत करा. फक्त ‘कच्चं काम’ असं लिहून त्यावर आडवी रेघ मारायला विसरू नका.