"मी कोण हो, मी तर पापी" हे सारखं म्हणणं कसं सोडायचं

रविवारी उपासना संपली आणि कोणी म्हणालं आज गाणं छान झालं, की आपलं उत्तर ठरलेलं, "छे हो, मी कोण, सगळा गौरव प्रभूचा." गौरव प्रभूचाच, वाद नाही, पण आठवडाभर प्रॅक्टिस तुम्हीच केलीत ना? पुढच्या वेळी नुसतं "थँक्यू, बरं वाटलं" म्हणा आणि गप्प बसा. जाम अवघडल्यासारखं होतं, मला तर सवय व्हायला दोन-तीन महिने लागले.

मग बायबलमधलं रोमकरांस १२:३ (प्रेषित पौलाने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं पत्र) नीट वाचा. पौल म्हणतो स्वतःला आहे त्यापेक्षा मोठं समजू नका, समंजसपणे समजा. आपण अर्धंच ऐकतो. कमी समजणं म्हणजे पण मापात घोळच की! तेव्हा कागदावर तीन गोष्टी लिहा ज्या बऱ्यापैकी जमतात (हिशोब, आजाऱ्यांना भेटणं, संडे स्कूलची पोरं सांभाळणं, काहीही) आणि एक जी अजिबात जमत नाही. घरच्यांना दाखवा, ते खोडतील नाहीतर भर घालतील, दोन्ही चालेल.

खरी गोची चूक झाल्यावर होते. "मी खोटं बोललो" ही कबुली, पण "मी आहेच नालायक" हा नुसता शिक्का, आणि एकदा शिक्का मारला की माफी मागायचं, भरपाई करायचं राहूनच जातं. येशूचा शिष्य पेत्र, त्याचं बघा. येशूला पकडलं त्या रात्री त्याने "मी त्याला ओळखत नाही" म्हणून येशूला नाकारलं, तीनदा, त्यातही विस्तवापाशी शेकत उभा असताना. आणि येशू मेलेल्यातून उठल्यावर, योहान २१ मध्ये, किनाऱ्यावर परत तसाच कोळशांचा विस्तव आहे, त्यावर मासे आहेत, येशू म्हणतो या, न्याहारी करा, मग तीनदा विचारतो माझ्यावर प्रेम करतोस का आणि दरवेळी कामच सोपवतो, मेंढरं सांभाळ. (तो विस्तव माझ्या फार उशिरा लक्षात आला.) म्हणून चूक नाव घेऊन सांगा, ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे जा, आणि आपल्या कामाला लागा, कोपऱ्यात बसून राहू नका.

आणि झोप उडालीय, जेवण जात नाही, जगावंसंच वाटत नाही असं असेल तर प्रार्थना करा पण डॉक्टरकडे पण जा, आजच. "विश्वास कमी पडतोय" म्हणणाऱ्यांना १ राजे १९ दाखवा. एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता, देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं, तो खाऊन परत झोपला, आणि दूताने दुसऱ्यांदा उठवलं तेही जेवायलाच.