हाफवे होमच्या अनुदानाचा अर्ज भरण्यापूर्वी

दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजनेतून, उपचारानंतर स्थिरावलेल्या मनोरुग्णांच्या हाफवे होमला (रुग्णालय आणि घर यांमधल्या निवासी पुनर्वसन केंद्राला) केंद्र सरकारचे अनुदान मिळू शकते. मात्र कामाची तळमळ सांगणारे प्रास्ताविक घोटत बसण्याआधी हे ध्यानात घ्यावे की, अर्जांची पहिली चाळणी कागदपत्रांची असते आणि कामाचे मोल त्यानंतर जोखले जाते. आमचा अर्ज त्या पहिल्या चाळणीतच अडकला.

नोंदणीपत्र, पॅन, लेखापरीक्षित ताळेबंद सगळेच जोडतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ खालील राज्य प्राधिकरणाच्या नोंदणीची मुदत संपलेली नाही ना, हे पाहावे.

आता फेरफार अहवाल, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत हा अहवाल द्यावा लागतो आणि तो मंजूर झाल्यावरच परिशिष्ट १ वर, म्हणजे त्या कार्यालयातल्या संस्थेच्या अधिकृत नोंदीवर, नवे नाव चढते. आमचे अध्यक्ष वारल्यावर आम्ही ठराव केला, दर्पण या नीती आयोगाच्या स्वयंसेवी संस्था-नोंदणी पोर्टलवर नवी नावे भरली आणि अहवाल मात्र 'पुढच्या आठवड्यात देऊ' म्हणत दोन वर्षे लांबवला. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी परिशिष्टाच्या नकलेतले पहिले नाव वाचले, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोखालचे नाव वाचले आणि काही न बोलता फाईल मिटली. तेव्हा परिशिष्ट १ ची ताजी प्रमाणित नक्कल आधी काढावी आणि दर्पण, ई-अनुदान (अर्ज भरण्याचे पोर्टल) व ठराव यांतली नावे तिच्याशी आद्याक्षरांसकट ताडून पाहावीत. अहवाल दाखल केल्याची पोच म्हणजे मंजुरी नव्हे. हे मी पुन्हा सांगतो, कारण आम्हाला ते दोनदा सांगूनही कळले नव्हते.

जिल्ह्याची तपासणी आणि राज्याची शिफारस झाल्याशिवाय प्रस्तावावर दिल्लीत निर्णय होत नाही, म्हणून हजेरीपट चोख ठेवावा. स्वयंपाकघरात जितक्या ताटांचा शिधा दिसेल, तितकीच नावे त्यात असावीत. पगार बँकेतूनच द्यावेत. पूर्वी अनुदान घेतले असल्यास केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतल्या १२-अ नमुन्यातले उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामालाच वापरल्याचा दाखला) आणि त्या रकमेवरचे व्याज परत भरल्याचा पुरावा लागतो. याच कामासाठी दुसरीकडे अर्ज केला असेल, तर तो लपवू नये. अनुदान मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंतच असते; उरलेले कोठून आणणार, ते लिहावे.

भाडेकरार, फोटो, सह्या, शिक्के. आणि फेरफार मंजुरीच्या आदेशाची नक्कल, सर्वांत वर.