मानेची नस तपासताय? या चुका टाळा

"मॅडम, स्पर्लिंग पॉझिटिव्ह!"

इंटर्नची नवी बॅच आली की पहिल्याच आठवड्यात हे वाक्य कानावर पडतं. मी विचारते, "कुठे दुखलं?" उत्तर येतं, "मानेत." अरे, मान दुखते म्हणूनच तर माणूस आलाय. त्याची मान वाकडी करून वरून डोकं दाबलंत तर मान दुखणारच. त्यात नसेचा काय संबंध?

स्पर्लिंग आणि स्कोव्हिल या दोघांनी १९४४ मध्ये मानेतली नस दबली आहे का ते बघायची ही टेस्ट मांडली. तिच्यामागचा विचार सरळ आहे. मान दुखऱ्या बाजूला कलवून थोडी मागे नेली की नस जिथून बाहेर पडते ते दोन मणक्यांमधलं छिद्र अरुंद होतं, आणि वरून दाब दिला की आणखी अरुंद होतं. नस तिथे आधीच चिमटीत सापडलेली असेल तर कळ किंवा मुंग्या हातात उतरतात. उतरल्या तर पॉझिटिव्ह. नुसती मान दुखली तर सांधा असेल, स्नायू असेल, काहीही असेल. खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या कडेला कळ गेली तर मी 'शंका' असं लिहिते. पुढे जाऊन ते नसेचंच निघालं तरी चालेल, पण त्या क्षणी पॉझिटिव्ह लिहीत नाही.

निम्मा घोळ प्रश्न विचारण्यात असतो. "दुखतंय का?" असं विचारलं की सभ्य पेशंट "हो" म्हणतो. डॉक्टरांनी एवढी मान वाकवली, आता नाही कसं म्हणायचं! मी "काय होतंय?" एवढंच विचारते आणि गप्प बसते. मग "जिथे होतंय तिथे बोट ठेवून दाखवा," आणि शेवटी, "ज्याच्यासाठी आलात तेच हे, की वेगळं?" या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत माझ्या लेखी टेस्ट पुरी झालेली नसते.

आता दाबाबद्दल. मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ बघून आलेली मुलं दोन्ही हातांची बोटं गुंफून डोक्यावर असा भार टाकतात की पेशंटचे डोळे पांढरे व्हायची वेळ येते. माझी सवय अशी: आधी पेशंटला स्वतःच मान कलवायला सांगायची. हातात काही उतरलं तर तिथेच थांबायचं. नाही उतरलं तर थोडी मागे. तरीही नाही, तर हळूहळू वाढवत दाब. बऱ्याचदा दाबापर्यंत जायची वेळच येत नाही. पडल्याचा किंवा अपघाताचा इतिहास असेल, हाडं ठिसूळ असतील, जुना आमवात असेल किंवा मज्जारज्जूवरच दाब असल्याची शंका असेल, तर डोक्याला हातही लावू नका.

आणि टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून "नस मोकळी आहे" असं सांगून पेशंटला घरी पाठवू नका. स्पर्लिंग पॉझिटिव्ह आली तर तिला वजन आहे. निगेटिव्ह आली तर ती फारसं काही सांगत नाही.

हाताची तक्रार, म्हणून फक्त हातच तपासला

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त चिडून लिहिते.

नोकरीची सुरुवातीची वर्षं. पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ आले. दोन्ही हातांना मुंग्या, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात. चिठ्ठीवर निदान आधीच लिहिलेलं होतं: मनगटात नस दबली आहे. मी मनगटं वाकवून धरली, मुंग्या थोड्या वाढल्या. मनगटावर टिचक्या मारल्या. मानेची स्पर्लिंग केली, काही नाही. झालं! दोन्ही मनगटांना स्प्लिंट दिले, व्यायाम शिकवले आणि तीन आठवड्यांनी या म्हणून सांगितलं.

तीन आठवड्यांनी हात तसेच होते. मी स्प्लिंट घट्ट आहे का ते बघत होते. निघता निघता त्यांची बायको म्हणाली, "यांची चप्पल हल्ली चालताना पायातून निसटते, आणि यांना कळतच नाही. मागून मी उचलून आणते."

माझ्या पोटात गोळा आला. त्यांना खोलीत चालायला लावलं. पाय फाकवून, ताठ, जमीन चाचपत चालत होते. टाचेला बोट लावून एका रेषेत चला म्हटलं तर दुसऱ्याच पावलाला टेबल धरलं. गुडघ्यावर हॅमर मारला तर पाय उसळला. मधल्या बोटाच्या नखाला टिचकी दिली तर अंगठा आत वळला, म्हणजे हॉफमन. तळपाय खरवडला तर अंगठा वर गेला, म्हणजे बॅबिन्स्की. दोन्ही मज्जारज्जू दबल्याच्या खुणा. एमआरआयमध्ये मानेत मज्जारज्जू चांगलाच दबलेला दिसला. ऑपरेशन झालं. चालणं सावरलं, पण बटणांचा त्रास शेवटपर्यंत पूर्ण गेला नाही. तीन आठवडे आधी कळलं असतं तर किती फरक पडला असता कोण जाणे, पण ते तीन आठवडे माझ्या खात्यावर आहेत.

तेव्हापासून मान किंवा हात घेऊन आलेला प्रत्येक पेशंट माझ्याकडे आधी चालतो. दारापर्यंत जाऊन परत, मग एका रेषेत. मग दहा सेकंदांत मूठ वळायची आणि पूर्ण उघडायची. निरोगी माणूस वीसच्या आसपास करतो. बोटं चिकटल्यासारखी उघडत असतील तर मी पुढचं सगळं थांबवून पायांचे रिफ्लेक्स बघते. मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला हॅमर मारल्यावर कोपर वाकायच्या ऐवजी बोटंच आत वळली तर तीही धोक्याची खूण. २०१० मध्ये कुक आणि सहकाऱ्यांनी पाच गोष्टींचा एक गट मांडला: बिघडलेलं चालणं, हॉफमन, बोटं आत वळण्याची ही खूण, बॅबिन्स्की आणि पंचेचाळीसच्या पुढचं वय. पाचांपैकी तीन जुळल्या तर मज्जारज्जू दबल्याचा संशय फार पक्का. मात्र एकटा हॉफमन बघून पेशंटला घाबरवू नका. काही धडधाकट माणसांतही तो दोन्ही हातांत सापडतो.

"एवढा वेळ कुठे असतो मॅडम?" असं मला विचारलं जातं. चालणं आणि मूठ मिळून एक मिनिट लागतं. पेशंटला झोपवून मशीन लावण्याआधी एवढं एक मिनिट काढता येत नसेल तर मशीनही लावू नका.

बाकीच्या चुका, भराभर

हात डोक्यावर ठेवून बसलेल्या पेशंटला "नीट बसा, हात खाली" म्हणू नका. हात डोक्यावर घेतला की नसेवरचा ताण सैल होतो, त्याला बरं वाटतं. ती आयती मिळालेली खूण आहे. एका मुलाने शिस्त म्हणून हात खाली घ्यायला लावला आणि मग तासभर निदान शोधत बसला.

हात ताणायची टेस्ट, म्हणजे यूएलटीटी, सगळ्यांनाच ओढल्यासारखी लागते, तुम्हालाही लागेल. दुसऱ्या हाताशी तुलना केली नाही आणि मान दुसऱ्या बाजूला कलवल्यावर तक्रार बदलते का ते बघितलं नाही, तर तिला अर्थ नाही. नीट केली आणि निगेटिव्ह आली तर मात्र नस दबली नसल्याचा चांगला पुरावा मिळतो. २००३ मध्ये वेनर आणि सहकाऱ्यांनी चार टेस्टचा गट दिला: स्पर्लिंग, यूएलटीटी, मान हलकेच वर ओढल्यावर आराम, आणि दुखऱ्या बाजूला मान ६० अंशांपेक्षा कमी वळणं. चारही पॉझिटिव्ह असतील तर नस दबल्याचा अंदाज जवळजवळ पक्का होतो. पण हे ६० अंश नजरेने मोजायचे नसतात. कोन मोजायचा गोनिओमीटर खिशात शोभेला ठेवतात का?

करंगळी बधिर म्हटलं की लगेच 'सी-८', म्हणजे मानेतली आठवी नस, लिहू नका. कोपराशी दबलेली अल्नर नसही करंगळी बधिर करते. कोपर ते मनगट, हाताचा करंगळीकडचा भाग तपासा. तिथलं कातडं अल्नर नसेकडे नसतं. तोही बधिर असेल तर वर, मानेकडे बघा. अनामिकेची एक बाजू बधिर आणि दुसरी चांगली असेल तर बहुधा कोपर. अंगठा सी-६, मधलं बोट सी-७, करंगळी सी-८ हा तक्ता पाठ करायला सोपा आहे, पण माणसांच्या अंगावर या रेषा अशा आखलेल्या नसतात. एकमेकांत शिरलेल्या असतात.

मानेत मणके सात आणि नसा आठ. म्हणून पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली चकती सहावी नस दाबते. कमरेत हा हिशेब वेगळा असतो. परीक्षेत चुकलात तर मार्क जातील, फाइलमध्ये चुकलात तर भलत्याच नसेकडे बघाल.

ट्रायसेप्सची, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूची, ताकद कोपर सरळ करून तपासू नका. हाड अडकवून कमजोर माणूसही टिकतो. कोपर अर्धं वाकवा, मग ढकला.

आता कमरेच्या नसा. पायाची पोटरी हाताने दाबून तपासणारे तर रोज दिसतात. पोटरी तुमच्या हातापेक्षा कितीतरी दणकट असते, ती कधीच हरत नाही. एका पायावर दहा वेळा टाच उचलायला सांगा. सातव्या-आठव्याला दोन पायांतला फरक दिसतो.

पाय सरळ उचलताना मांडीच्या मागे ताण आला म्हणजे एसएलआर (हीच पाय उचलायची टेस्ट) पॉझिटिव्ह नाही. तो बहुतेक वेळा आखडलेला स्नायू असतो. कळ गुडघ्याखाली गेली आणि ३० ते ७० अंशांत गेली तर विचार करा. चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली तर जास्तच.

आधी एमआरआय बघून मग टेस्ट करणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. एकच सांगते: कधीच न दुखलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही झिजलेल्या, फुगलेल्या चकत्या सर्रास दिसतात.

लघवी अडते का, बसायच्या जागी बधिर वाटतं का, हे कमरेच्या पेशंटला लाज न बाळगता विचारा. उत्तर "हो" असेल तर तुमची तपासणी तिथेच संपली, त्याला त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात पाठवा.

आणि फाइलमध्ये 'स्पर्लिंग पॉझिटिव्ह' एवढंच लिहिलेलं असलं की मी ते खोडते. त्याच्या जागी असं हवं: "मान स्वतः उजवीकडे कलवली, दाब दिला नाही. उजव्या दंडापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या, नेहमीच्याच. मान सरळ केल्यावर दहा सेकंदांत गेल्या."