हरळी वाढवायचा पगार

"हरळी वाढवायला पगार देतात?" गोल्फच्या मैदानावरच्या पहिल्या नोकरीचं सांगितलं तेव्हा आजीने एवढंच विचारलं. गुहागरच्या आमच्या आगरात तिने जन्मभर विळा घेऊन हरळी खणून काढली, आणि नात दापोलीला चार वर्षं शिकून तीच वाढवायला निघालेली. गोल्फवाले जिला बर्म्युडा म्हणतात ती मुळात आपली हरळीच. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी आखूड कापलेल्या गवतावर, तिची संकरित, बारीक पात्याची जात लावतात. तिला बी धरत नाही, कांड्या लावूनच वाढवावी लागते.

टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या गोल्फर अदिती अशोकचं पदक एका फटक्याने हुकलं, तेव्हा गावातल्या दोघी-तिघींनी विचारलं होतं, ताई, हे शिकायला कुठे जायचं? त्यांना खेळाडू व्हायचं होतं. स्टिकचा सेट, कोचिंग, मैदानाची फी, सगळं महाग, आणि आमच्या गावाच्या आसपास मैदान नाही. खेळू नका असं मी म्हणत नाही. पण या खेळात शिरायचं दुसरं एक दार गवतातून जातं, आणि तिथे कोकणातली पोरगी रिकाम्या हाताने येत नाही.

हे माझ्या डोक्यात बसलं ते 2024 च्या ऑगस्टमध्ये, विमेन्स ओपन बघताना. बायकांच्या गोल्फच्या पाच मेजर, म्हणजे सगळ्यात मानाच्या, स्पर्धांपैकी ही एक, 1976 पासून चालू, मेजरचा दर्जा 2001 चा. त्या वर्षी ती स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर होती. पहिल्या दिवशी वारा असा की टोप्या उडत होत्या. चार दिवसांचे 72 होल संपले तेव्हा न्यूझीलंडची लिडिया को पारपेक्षा, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, सात फटके कमी घेऊन जिंकली. दोन आठवड्यांपूर्वीच तिने पॅरिसला ऑलिंपिक सुवर्ण घेतलं होतं. मी मात्र तिच्यापेक्षा जमिनीकडे जास्त बघत होते. समुद्र आणि शेत यांच्यामधली वाळूची, काही न पिकणारी पट्टी, तिला तिथले लोक लिंक्स म्हणतात. आपण पुळण म्हणतो. गुहागरच्या पुळणीतली सुरूची झाडं काढून मेंढ्या सोडल्या तर चरून चरून जसं आखूड गवत होईल, तसं तिथे शेकडो वर्षांपूर्वी होऊन बसलंय. (सुरू काढा असं कुणाला सुचवत नाहीये!)

नवखी माणसं एक चूक हमखास करतात. मेजर म्हणजे ग्रीन काचेसारखी गुळगुळीत हवी, असं धरून चालतात. वाऱ्याच्या जागी ग्रीन मुद्दाम थोडी हळू ठेवावी लागते, नाहीतर थांबलेला चेंडू वाऱ्यानेच सरकतो आणि खेळ बंद करायची वेळ येते. वेग मोजायला स्टिम्पमीटर असतो. खाच असलेली तीन फुटांची अॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यावरून चेंडू सोडायचा आणि किती फूट गेला ते मोजायचं. इतकं साधं यंत्र. पण सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा असताना घेतलेला आकडा दुपारी खारा वारा सुटल्यावर पुरतोच असं नाही. किनाऱ्यावर वाढलेल्यांना हे शिकवावं लागत नाही.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. बारावी सायन्स, सीईटी, मग कृषी किंवा उद्यानविद्येची चार वर्षांची पदवी. मी दापोलीच्या विद्यापीठात होते. तिथे गोल्फचं कुणी बोलत नाही, पण मृदाशास्त्र, सिंचन आणि रोगशास्त्र हे तीन विषय पास होण्यापुरते करू नका. पावसाळ्यात ग्रीनवर पिथियम नावाचा बुरशीसारखा रोग येतो, आणि रातोरात टोपलीएवढे चट्टे पडतात. सुपारीचा कोळेरोग पाहिलाय ना? त्याच गोत्रातला. पाऊस लागायच्या आधी बोर्डो मिश्रण का मारतात हे ज्या घरात माहीत आहे, त्या घरातल्या मुलीला निचरा आणि वेळेची फवारणी लवकर कळते.

पदवीत जे मिळत नाही ते मशीन. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी न तपासता एक मोवर, म्हणजे गवत कापायचं मशीन, ग्रीनवर पाठवला. हायड्रॉलिकचा पाइप ठिबकत होता. सकाळच्या दवात काही दिसलं नाही. दोन दिवसांनी ग्रीनच्या मधोमध सरळ तपकिरी रेघ उमटली, पट्टीने आखल्यासारखी. नर्सरीतली हरळी मुळांसकट कापून तिथे बसवली, पण सांधा बरेच दिवस डोळ्यांत खुपत होता. आमच्या वयस्कर माळीकाकांनी मला ओरडायचं सोडून एक कागदाची पट्टी दिली. ती मोवरच्या पात्यात धरायची आणि पात्यांचं गोल रीळ हाताने फिरवायचं. कागद स्वच्छ कापला गेला तर धार बरोबर, चुरगळला तर गवतही चुरगळणार. पाइपाला कोरडं फडकं पुसून बघायचं. तेव्हापासून हे दोन्ही केल्याशिवाय मी मशीन सोडत नाही. तीन-चार मिलिमीटर उंचीवर गवत कापताना अर्ध्या मिलिमीटरची चूक लांबूनही दिसते.

एक कडू गोष्टही सांगते. त्या पहिल्या नोकरीच्या ठिकाणी मशीनच्या शेडमध्ये बायकांसाठी संडास नव्हता. पहाटे पाचला काम सुरू व्हायचं आणि क्लबहाउस सातला उघडायचं. मुलाखतीत पगाराच्या आधी हे विचारा, लाजू नका. या कामात बायका थोड्या आहेत, आपल्याकडे फारच थोड्या. 2021 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबवर यूएस विमेन्स ओपन झाली, तेव्हा मैदान तयार करायला या धंद्यातल्या बायकांची एक तुकडी मुद्दाम बोलावली होती. त्यांचे बंकरमधली, म्हणजे मैदानावरच्या खड्ड्यांतली, वाळू दाताळ्याने ओढतानाचे फोटो मी शेडच्या दारावर चिकटवले. पुढच्या महिन्यात शेजारी संडास बांधून झाला. फोटोंमुळे की माझ्या रोजच्या कटकटीमुळे, ते सांगता येत नाही.

पहिली दोन वर्षं हातात फारसं पडत नाही. होल, म्हणजे चेंडू पडायचं भोक, रोज नव्या जागी कापायला मात्र लवकर मिळतं. 108 मिलिमीटरचं गोल पातं सरळ खाली घालायचं, माती अखंड उचलायची आणि कालच्या भोकात बसवायची. मला ते अजूनही आवडतं.

गेल्या गणपतीत घरी जाताना आजीला दाखवायला नर्सरीतली मूठभर हरळी ओल्या फडक्यात गुंडाळून नेली होती. तिने चष्मा लावला, एक कांडी बोटांत फिरवली, पातं नखाने सोडवून पाहिलं.

"ही देवाला नको. कापून कापून खुरटलीय. जा, आगरातली आण."